वैद्यांची खोली

बॉस्टनहून हार्टफर्डकडे जाताना स्टरब्रिज मागे टाकून रस्ता कनेक्टिकटच्या हद्दीकडे उतरायला लागला, की माझ्या जुन्या शेव्हेटच्या रेडिओवर एक गंमत व्हायची. १०४.१ वर लावलेलं बॉस्टनचं स्टेशन टेकडीआड जायचं, क्षणभर खरखर, आणि त्याच आकड्यावर दुसरंच कुणीतरी बोलायला लागायचं. ते कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचं स्टेशन. सुई जागची हललेली नसायची. पुढचं वळण आलं की पुन्हा बॉस्टन, उतारावर परत वॉटरबरी. हे दोघं एकमेकांत कधी मिसळायचे मात्र नाहीत. एफएमचा स्वभावच तसा: एका फ्रिक्वेन्सीवर दोन केंद्रं येऊन पोचली तर जे जरा जोरकस तेवढंच ऐकू येतं, दुसरं जणू नव्हतंच. मीडियम वेव्हवर असं नाही. तिथे रात्री एका स्टेशनच्या पाठीमागे दुसऱ्याचा कुणी परका गवई बारीक आवाजात गातच असतो. लहानपणी मला वाटायचं, तो आमच्या मर्फीतच राहतो.

आमची चाळ गिरगावातली. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली होती, तिला सगळे 'वैद्यांची खोली' म्हणायचे. वैद्य मी कधी पाहिले नाहीत. माझ्या जन्माआधीच ते पागडी घेऊन कुठेसे डोंबिवलीला गेले होते. त्यांच्यानंतर तिथे एक शिंपी आला, मग दोन भाऊ आले, मग शिकवणीचे वर्ग चालले. तरी पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी वैद्यांचीच खोली. दारावर चार खिळे तेवढे उरले होते, पाटीचे.

१०४.१ हा आकडा मला त्या खोलीसारखा वाटत आला आहे. का, ते सांगतो.

१९८६च्या ऑगस्टमध्ये मी लोवेलला एम.एस. करायला आलो. पहिल्याच शनिवारी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत दोन डॉलरला घड्याळाचा रेडिओ घेतला. त्याचा काटा १०४.१ वरच अडकलेला होता, पुढेमागे सरकायला तयार नाही. त्यामुळे रॉक मी आवडीने निवडलं असं म्हणायला जागा नाही. आला तो काटा गोड मानून घेतला. पहाटे सहाला गजर व्हायचा तो चार्ल्स लाक्विडारा नावाच्या माणसाच्या आवाजात. 'द बिग मॅट्रेस' असं त्याच्या कार्यक्रमाचं नाव, म्हणजे भलीमोठी गादी. आम्ही तिघं जमिनीवरच्या गाद्यांवर झोपलेले असायचो, म्हणून मला ते आमच्याचबद्दल वाटायचं. हा गृहस्थ गाणी लावायचा, पण मधे मधे इतकं बोलायचा, इतक्या जणांना फोन लावायचा, की एकदा सवय झाल्यावर गाण्यांचाच व्यत्यय व्हायला लागला. ड्वेन ग्लासकॉक नावाचं त्याचं एक दुसरं रूपही होतं, अत्यंत आचरट. ड्वेन आणि चार्ल्स वेगळे आहेत असं सगळे मिळून मानत असत. खंडोबाच्या वाघ्याच्या अंगात आलं की तो वेगळा नि एरवी वेगळा, तितक्याच सहजपणे.

स्टेशनचं पूर्ण नाव डब्ल्यूबीसीएन. गावाच्या तोंडी नुसतं 'बीसीएन'. मला नोकरी लागली तिथल्या प्रयोगशाळेत एक टेक्निशियन होता, दाढीवाला, हातात सदा सोल्डरिंगची तार. त्याला मी कौतुकाने सांगितलं, मी बीसीएन ऐकतो. त्याने वर न बघता म्हटलं, "तू उशिरा आलास."

पुढच्या वीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! ज्याला ऐंशीच्या दशकातलं बीसीएन प्रिय, त्याला सत्तरीवाले सांगायचे, उशिरा आलास. सत्तरीवाल्यांना अडुसष्टवाले. मला ही जात ओळखीची होती. आमच्या चाळीत भास्करबुवा बखल्यांना ऐकल्याचं सांगणारे एक आजोबा होते. भास्करबुवा १९२२ साली गेले, आणि आजोबांच्या मते गाणंही त्यांच्याबरोबरच गेलं. त्यानंतर मुंबईत जे काही चाललं होतं ते म्हणजे नुसता आवाज.

टेक्निशियनने मात्र उशिरा आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. सोल्डरिंग करता करता त्याने मला गोष्ट सांगितली, तुकड्यातुकड्यांनी, दोन हिवाळे. नंतर मी बरंचसं वाचून पडताळलं.

बीसीएन म्हणजे 'बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क'. नाव रॉकचं नाहीच, पाश्चात्त्य अभिजात संगीताचं. टी. मिचेल हेस्टिंग्ज नावाच्या, एफएमच्या प्रेमात पडलेल्या एका इंजिनिअरने १९५८ साली ते सुरू केलं. स्वप्न मोठं होतं: शहराशहरांत बाख-बीथोव्हेनची केंद्रं, एकमेकांना जोडलेली. बॉस्टनचं बीसीएन, हार्टफर्डचं एचसीएन, न्यूयॉर्कचं एनसीएन. आवाजाचा दर्जा उत्तम, कारण एफएममध्ये विजेची खरखर शिरत नाही. व्हायोलिनचा गज तारेवर टेकतो ते ऐकू येतं. पण तेव्हा अमेरिकेत धंदा होता तो एएमवर. चालू गाणी तिथे, जाहिराती तिथे, मोटारींतले रेडिओ तिथे. एफएम ऐकणारे म्हणजे घरात स्वतंत्र ट्यूनर बाळगणारे थोडे शौकीन. शौकिनांवर घर चालत नाही हे आपल्याकडच्या नाटक कंपन्यांना विचारा. १९६७ संपता संपता हेस्टिंग्जच्या केंद्राला घरघर लागली होती.

अशा वेळी त्याच्याकडे रे रीपेन आला. मूळचा कॅन्सस सिटीचा वकील. हार्वर्डला कायद्याचं पुढचं शिक्षण घ्यायला म्हणून आला आणि बर्कली स्ट्रीटवरच्या एका जुन्या प्रार्थनास्थळाच्या इमारतीत 'बॉस्टन टी पार्टी' नावाचा रॉकच्या जलशांचा हॉल चालवू लागला. त्याचा हिशेब साधा होता. शहरात कॉलेजची पोरं पैशाला पासरी, त्यांच्याकडे लाँग-प्लेइंग रेकॉर्डी, आणि त्यातलं एकही गाणं रेडिओवर नाही, कारण एएमवाले तीन मिनिटांपलीकडे काही वाजवत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यूने केएमपीएक्स या एफएम केंद्रावर १९६७च्या एप्रिलपासून हा प्रयोग करून दाखवला होताच. रीपेनने हेस्टिंग्जला म्हटलं, तुमच्या रात्री तेवढ्या मला द्या. नाही तरी रात्री कोण ऐकतंय?

१५ मार्च १९६८, शुक्रवार, रात्रीचे दहा. जो रॉजर्स नावाच्या तरुणाने, 'मिसिसिपी हॅरॉल्ड विल्सन' असं टोपणनाव घेऊन, क्रीम या ब्रिटिश बँडचं 'आय फील फ्री' लावलं. सुरुवातीला दिवसा अभिजात, रात्री रॉक. एकाच खोलीत दोन पाळ्यांचे भाडेकरू, मुंबईत खाटेचं भाडं भरणारे राहायचे तसे. पण रात्रीच्या पाळीला जाहिराती मिळायला लागल्या, नि उन्हाळा यायच्या आत रात्रपाळीवाल्यांनी दिवसही घेतला. पाटी काढायची गरज पडली नाही. बी, सी, एन ही अक्षरं होती तिथेच राहिली. फक्त 'कॉन्सर्ट'चा अर्थ बदलला.

काही काळ त्यांनी टी पार्टीच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. म्हणजे पुढे वाजवून झालं की वादक घाम पुसत मागच्या दाराने थेट रेडिओवर. रात्रीच्या उत्तरप्रहरी पीटर वुल्फ बोलायचा, तोच पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून जगाला माहीत झाला. तो ब्लूजच्या जुन्या रेकॉर्डी लावायचा. त्या वर्षी व्हॅन मॉरिसन चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिजमध्येच राहत होता, अजून मोठं नाव व्हायचं होतं, नि त्याची आणि वुल्फची दोस्ती होती. टेक्निशियन म्हणे, "तेव्हा कळत नव्हतं कोण मोठं होणार आहे, म्हणून तर मजा होती." हे वाक्य मात्र उशिरा आलेल्याला टोमणा मारण्यासाठी नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं.

बीसीएनच्या इतिहासात गाणी हीच मोठी गोष्ट, असं बहुतेक जण सांगतील. मॅक्सॅन सार्तोरीने १९७३ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाच्या नवख्या पोराला आपल्या कार्यक्रमात वाजवायला बसवलं; तिनेच एरोस्मिथचा पाठपुरावा केला, आणि कार्स या बँडची रेकॉर्ड निघायच्या आधी नुसती नमुन्याची टेप वाजवून वाजवून त्यांचं गाणं गावभर केलं. हे खरंच आहे, नि त्याचं मोल कमी नाही. पण मला जास्त ओढ वाटते ती त्यांच्या 'लिसनर लाइन'ची. स्टेशनला एक फोन होता, त्यावर स्वयंसेवक बसायचे. कुणीही, काहीही विचारावं. कुत्रा हरवलाय. न्यूयॉर्कला जायला कुणाच्या गाडीत जागा आहे का? सैन्यभरतीचं पत्र आलंय, काय करू? मित्राने कसली तरी गोळी घेतली आहे, तो डोळे उघडत नाही. बिल लिख्टेनस्टाइन हा मुलगा चौदाव्या वर्षी तिथे स्वयंसेवक म्हणून लागला. पुढे मोठेपणी त्यानेच बीसीएनवर माहितीपट केला. चौदा वर्षांचं पोर! आमच्याकडे त्या वयात 'आपली आवड'ला पोस्टकार्ड धाडायचं आणि निवेदिकेच्या तोंडून आपलं नाव नि गाव यायची वाट बघायची, यापलीकडे श्रोत्याला रेडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओ बोलणार, आपण ऐकणार, वर वर्षाला पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरणार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते परवान्याचं पुस्तक जपून ठेवलं होतं, रेशनकार्डाच्या पिशवीत.

अर्थात ही क्रांतिकारक मंडळी काही संतमहंत नव्हती. १९७०च्या सुमाराची गोष्ट. स्टेशनने कामाला माणसं हवीत म्हणून निवेदन केलं, त्यात टंकलेखन येणाऱ्या 'चिक्स' हव्यात असं म्हटलं. 'चिक' म्हणजे कोंबडीचं पिल्लू. आपल्याकडची टगी पोरं 'पाखरू' म्हणतात त्यातला प्रकार. 'ब्रेड अँड रोझेस' या संघटनेच्या बायका स्टेशनच्या कचेरीत आल्या आणि त्यांनी व्यवस्थापकापुढे खरोखरीची पिवळी पिल्लं सोडली. घ्या, मागितली होतीत ना! हे टेक्निशियनने सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की चाचणीचं बोर्ड हातातून पडलं. टेबलांवरून, रेकॉर्डींच्या खोक्यांवरून चिवचिवत फिरणारी पिल्लं आणि केसाळ क्रांतिकारक त्यांच्यामागे वाकलेले: सत्तरच्या दशकाचं एवढं नेमकं चित्र मला दुसरीकडे मिळालेलं नाही. बायकांनी रेडिओवर वेळ मागितला, आणि तो त्यांना मिळालाही.

१९९१च्या उन्हाळ्यात अण्णा सहा महिने आमच्याकडे राहायला आले. रेल्वेच्या चर्चगेट कचेरीतून निवृत्त झाले होते. गाण्याचे दर्दी, आणि पहाटेचं रेडिओवरचं शास्त्रीय गायन ऐकल्याशिवाय चहा न घेणारे. मी त्यांना रोज वाचनालयात सोडून कामावर जायचो. गाडीत लाक्विडारा. पहिले चार दिवस ते गप्प बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, "अरे, हा सकाळी सकाळी एवढा का भांडतो?" मी म्हटलं, भांडत नाही, विनोद करतो. मग सांगितलं, की हाच माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध शेलचं पेट्रोल घेऊ नका म्हणून रोज सकाळी मोहीम चालवत होता. अण्णांचं मत जरा बरं झालं. बहिष्कार म्हटलं की त्यांच्या पिढीचे कान टवकारायचे. मग मी, त्यांना जास्त आवडेल म्हणून, सगळी कुळकथा सांगितली: मुळात हे अभिजात संगीताचं केंद्र, मालक कर्जात, रात्रीचे भाडेकरू आले नि दिवसही घेऊन बसले, अण्णा, अगदी वैद्यांच्या खोलीसारखं. मला वाटलं, हसतील.

त्यांनी विचारलं, "मग आधीच्या ऐकणाऱ्यांचं काय झालं?"

वाचनालय आलं. ते छत्री घेऊन उतरले. पाऊस नव्हता, ते छत्री घेऊनच उतरायचे.

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत-सांगत आलो होतो, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. टेक्निशियनलाही मी विचारलं. तो म्हणाला, "कोण आधीचे?" त्याच्या लेखी १५ मार्चच्या आधी १०४.१ वर कुणी नव्हतंच. एफएमचा स्वभाव म्हटला ना.

अण्णांना मात्र तो प्रश्न पडणं साहजिक होतं. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, तेव्हा आमच्या चाळीतले सगळे मर्फी-फिलिप्स एका आठवड्यात रेडिओ सिलोनकडे वळले होते. अण्णांचा एकट्याचा काटा मुंबईवर राहिला, कारण त्यांना हवं ते तिथे आयतंच लागलं होतं. पुढे १९५७ साली विविध भारती आली, गाणी परत आली, आणि शेजारी परत आले. कोण कुठे जातं, कोण कुठून येतं, हे ते सज्जात उभं राहून ऐकत आले होते. भिंती पातळ होत्या.

मधल्या काळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, ती संपाची. ती मला टेक्निशियनने सांगितली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. १९७९च्या सुरुवातीला हेस्टिंग्जने शेवटी स्टेशन विकलं. नव्या मालकांनी आल्या आल्या, फेब्रुवारीत, १९ जणांना घरी पाठवलं. बाकीचे सगळे उठून त्यांच्यामागे रस्त्यावर आले. फेब्रुवारी म्हणजे बॉस्टनला रस्त्यावर उभं राहायचे दिवस नव्हेत. निवेदक बाहेर, आत कुणी उपरे रेकॉर्डी फिरवताहेत. श्रोत्यांनी जाहिरातदारांना फोन करून भंडावलं, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या, बँडांनी मदतीचे जलसे केले. तीन आठवड्यांत मालक नमले. १९च्या १९ परत कामावर. मी गिरगावात वाढलेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप अजून कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, आणि अडीच लाख माणसांतल्या किती जणांना पुन्हा भोंगा ऐकायला मिळाला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे मूठभर रेकॉर्ड फिरवणारे तीन आठवड्यांत जिंकतात? नंतर विचार करताना वाटलं, फरक गिऱ्हाइकाचा होता. कापड घेणाऱ्याला ते कुठल्या गिरणीचं, कुणी विणलं, याच्याशी देणंघेणं नव्हतं. इथे मात्र लोकांना हवा होता तो माल म्हणजे ती माणसंच होती.

मालकही शहाणे निघाले. हरले, पण काय विकत घेतलं आहे ते त्यांना कळलं. त्यांची कंपनी पुढे इन्फिनिटी या नावाने रेडिओच्या धंद्यातली दादा झाली, आणि ऐंशीच्या दशकात बीसीएन पैशाने नि नावाने टिपेला पोचलं. १२६५ बॉयल्स्टन स्ट्रीट, बेसबॉलच्या फेनवे मैदानाला लागून त्यांची कचेरी. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. दार, घंटी, पाटी. वैद्यांच्या दारापेक्षा फार काही निराळं नाही.

उतरणीचं वर्णन मी लांबवणार नाही. १९९६ साली कायदा बदलला, एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यावीत याची मर्यादा उठली, मोठ्या शहरात एकेका मालकाची आठ-आठ केंद्रं झाली. त्याच वर्षी बीसीएनच्या सकाळी न्यूयॉर्कहून हॉवर्ड स्टर्न बोलायला लागला आणि लाक्विडाराला त्याच कंपनीच्या जुन्या रॉकच्या केंद्रावर हलवलं. स्टर्न हुशार होता, लोकप्रिय तर होताच. पण तो न्यूयॉर्कला बसलेला. आमच्याकडे दोन फूट बर्फ पडून शाळा बंद असायच्या आणि तो तिथल्या कोरड्या हवेत खिदळत असायचा. मी काटा काढला. म्हणजे आता बटण दाबलं. तोवर गाडी बदलली होती.

या धंद्यात नावांचं काय होतं याची एक गोष्ट मला फार आवडते. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्राचं नाव पूर्वी डब्ल्यूटीबीएस होतं. बीसीएनचा पुढचा कार्यक्रमप्रमुख इडिपस (होय, हेच नाव तो लावायचा) तिथेच पंक संगीत वाजवून पुढे आलेला. टेड टर्नर या टीव्ही-सम्राटाला आपल्या 'टर्नर ब्रॉडकास्टिंग सिस्टिम'साठी नेमकी तीच अक्षरं हवी होती. १९७९ साली त्याने पोरांना ५०,००० डॉलर दिले. पोरांनी अक्षरं सोडली, त्या पैशातून सुधारणा केल्या आणि दुसऱ्या नावाने काम सुरू ठेवलं. गिरगावातल्या कुठल्याही पागडीच्या व्यवहारापेक्षा हा स्वच्छ होता, एवढं मी खात्रीने सांगतो.

बीसीएनचं असं झालं नाही. २००९च्या जुलैमध्ये जाहीर झालं, की कंपनीला शहरात खेळांच्या गप्पांचं एफएम केंद्र हवं आहे. त्यासाठी ९८.५ची जागा लागेल, ९८.५चं पॉप केंद्र १०४.१ वर येईल, आणि बीसीएन जाईल. खोल्यांची अदलाबदल. शेवटचे काही दिवस जुने निवेदक येऊन बोलत होते, आठवणी सांगत होते. मी गॅरेजमध्ये गाडीत बसून ऐकलं, कारण घरात आता रेडिओ असा उरलाच नव्हता. इंजिन बंद, किल्ली अर्धी फिरवलेली. मुलगी चप्पल घालून आली, काचेवर टकटक केली, "बाबा, तू इथे काय करतोयस?" मी म्हटलं, रेडिओ ऐकतोय. तिने क्षणभर ऐकलं. पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लागलं होतं, शेवटचं. "हे माझ्याकडे आयपॉडवर आहे," असं म्हणून ती आत गेली. बरोबरच होतं तिचं. गाणं कुठेच जाणार नव्हतं.

ती अक्षरं नंतर कंपनीने नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातल्या १६६०च्या एका एएम केंद्राला लावली. तिथे बॉस्टनही नाही, कॉन्सर्टही नाही. पण अक्षरं मोकळी सोडली तर कुणी दुसरा उचलेल. आमच्या चाळीत माणूस गावी गेला तरी खोलीला कुलूप लावून जायचा, आत एखादं पिंप ठेवून.

टेक्निशियन त्या आठवड्यात भेटला नाही. त्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. अण्णा तर २००३ सालीच गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यात, अर्लिंग्टनच्या एका गल्लीत जुन्या सामानाची विक्री लागलेली दिसली. सवयीने गाडी थांबवली. खुर्चीत बसलेल्या आजीबाई नव्वदीच्या आसपास, पायांवर लोकरी शाल. घर सोडून मुलीकडे निघाल्या होत्या. बशा, दिवे, विणकामाच्या सुया, आणि खाली गवतात एक जुना एफएम ट्यूनर, लाकडी खोक्यातला, पुढे लांबलचक काचेची पट्टी. वाकून पाहिलं. काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, बरोबर १०४.१ वर.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. म्हटलं, तुम्ही पण बीसीएनच्या! त्यांना आधी कळेना. मग त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हो, त्यावर फार छान सिंफनी लागायच्या. रात्री मुलं झोपली की मी ऐकायची. एका शुक्रवारी लावलं तर कुणी तरी ओरडत होतं. मला वाटलं, ट्यूनर बिघडला. नवऱ्याने उघडून पाहिला, नळ्या बदलून आणल्या दोन. आजीबाई हसल्या. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणाल्या.

मी काचेवर बोट फिरवलं. १०४.१च्या ठिपक्याच्या थोडं डावीकडे, पेराएवढ्या अंतरावर, तशाच लाल रंगाचा आणखी एक ठिपका होता. १०२.५. शहराचं दुसरं अभिजात संगीताचं केंद्र, डब्ल्यूसीआरबी, तिथे लागायचं. आणि त्याच्याही डावीकडे तिसरा, रंग वेगळा, गुलाबीकडे झुकणारा, हात थरथरल्यासारखा जरा ओघळलेला. ९९.५. २००६ साली डब्ल्यूसीआरबीला १०२.५ सोडून तिथे जावं लागलं होतं.

"किती द्यायचे?" मी विचारलं.

आजीबाई म्हणाल्या, चालतो अजून. दोन डॉलर द्या.